आगीचं पाणी

आमचे घरमालक लग्नाला गेले की हातात अक्षता घ्यायच्या आधी मांडवाच्या मागं जायचे आणि कनातीची एक दोरी सोडून ठेवायचे. मुलीचा बाप धावत यायचा. "मालक, कुत्रे शिरतेत ना आत! पंगत बसायचीय." मालक शांतपणे म्हणायचे, "शिरू द्या. कुत्र्याला आत यायला वाट सापडती, मंग माणसाला भाईर जायला नको का?" आणि त्या सोडलेल्या कनातीशेजारीच ताट मांडून घ्यायचे. पुढं पुढं लोक पत्रिका द्यायला आले की हसत हसत सांगायचे, "मालक, या बरं का, पण आमची कनात सोडू नका." मालक म्हणायचे, "मंग दोन दारांचा मांडव घाला. मी उगं जेवून जाईन."

मी त्यांच्याविषयी आजवर लिहिलं नाही. शाळेच्या अंकासाठी दोनदा मागणी झाली होती, माणूस तसा लिहिण्यासारखाच. पण त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर स्वतःला मधून वगळता येत नव्हतं, आणि स्वतःला घालून लिहू नये एवढा मी तेव्हा शहाणा होतो. आता लिहितो.

ते मूळचे हसनाबादचे. घरची बरी शेती होती, ती भावाच्या हवाली करून ते जालन्याला आले आणि मस्तगडात त्यांनी पाच मजली इमारत उठवली. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गावात पाच मजले म्हटल्यावर लोक टोपी सावरून वर बघायचे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि टायपिंगचा वर्ग, त्याच्या वर आम्ही भाडेकरू. मी तिसऱ्या मजल्यावर. हायस्कुलात शास्त्र शिकवायचो, म्हणून मला ते गुरुजी म्हणत.

इमारतीला दोन जिने होते, एक रस्त्याच्या बाजूनं, एक मागून. मागच्या जिन्यानं खालच्या एका दुकानाची जागा खाल्ली होती, आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, लोकांना ते पटतच नव्हतं. "एक चढायला अन एक उतरायला का, मालक?" म्हणून विचारायचे. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जाडजूड लाकडी दार, आणि त्या दाराला मागून दोरीनं लोखंडी वजन टांगलेलं. मोंढ्यातली जुन्या काट्यांची वजनं मोडीत आणून त्यांनी ती कप्पीवर बसवली होती. दार ढकलून तुम्ही आत गेलात की वजन खाली यायचं आणि दार आपोआप लागायचं. उन्हाळ्यात वारा यावा म्हणून बायका दाराला वीट लावून ठेवायच्या. मालक दिवसातून एकदा फिरायचे आणि विटा जप्त करायचे. त्या जप्तीच्या विटांतून त्यांनी मालकीणबाईंना गच्चीवर तुळशीसाठी चांगला ओटा बांधून दिला होता.

जिन्यात काही ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. सायकल, कोळशाचं पोतं, कुलरची गवताची जाळी, काहीही. "जिन्यात ठेवलेली चीज तुमची न्हाई," ते म्हणायचे, "ती आगीची." आणि खरंच उचलून न्यायचे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची लोणच्याची बरणी एकदा अशीच गेली. काकू भांडायला गेल्या, तर मालकांनी बरणी परत दिली आणि आत हात घालून एक फोड खाल्ली. "दंड," म्हणाले.

कुणाच्याही घरी गेले तरी ते दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायचे. माझी मोठी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती बाहुलीच्या घरालासुद्धा तसाच हात लावायची.

लोकांना वाटायचं यांच्या घरात कुणी तरी जळून गेलं असणार. कुणी सांगायचं जिनिंगमध्ये भागीदारी होती, ती जळाली. मी एकदा सरळच विचारलं. मालक म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दाराला कुलूप लावता ना? तुमच्याकडं चोरी झाल्ती का?"

"नाही."

"मंग? माझ्याकडं बी काई जळालं न्हाई. डोकं हाय म्हणून इचार करतो."

अमावस्येला मोंढा बंद असतो, हमाल, व्यापारी घरी असतात. म्हणून मालकांनी आगीचा सराव अमावस्येच्या संध्याकाळचा धरला होता. खाली रुळाचा एक तुकडा टांगलेला, त्यावर टोले पडले की सगळ्यांनी घराबाहेर पडून खाली यायचं. अमावस्येला तिन्हीसांजेला लेकरं घेऊन उतरायचं म्हटल्यावर बायकांचा जीव वरखाली व्हायचा. काकू म्हणायच्या, "मेल्यानं पौर्णिमा तरी धरायची!" आणि मालक स्वतः धूर व्हायचे. म्हणजे काळी छत्री उघडायची आणि दोनपैकी कुठल्याही एका जिन्यानं वर चढत यायचं. कोणता जिना ते आधी कुणाला सांगायचे नाहीत. ज्याला छत्री दिसली त्यानं मागं फिरून दुसरा जिना धरायचा. ज्याला छत्री लागली तो मेला, त्यानं तिथंच पायरीवर बसायचं.

"मी धूर हाय. तुम्ही मेले, काकू."

"मेले तर मेले. गुडघे दुखून राह्यले, बसते जरा."

खालच्या कापडाच्या दुकानात मागच्या बाजूला रफीकभाई शिलाई मशीन टाकून बसायचे. सरावात पाइपाचं तोंड धरायचं काम त्यांचं. जाड कॅनव्हासचा पाइप खांद्यावर टाकून ते असे उभे राहायचे की जणू सासरेबुवांनी घोडा दिला. "पानी छोडो, मालक!" ओरडायचे. मालक खालचा वॉल उघडून चुळकाभर पाणी सोडायचे आणि लगेच बंद करायचे. तेवढं पाणीही खाली बादली धरून घ्यायचे. जालना आहे हे.

ते पाणी हाच खरा विषय. गच्चीवर एक मोठी सिमेंटची टाकी होती. तिला दोन नळ. घरोघरी जाणारा नळ टाकीच्या मध्यावर बसवलेला. म्हणजे आम्ही कितीही वापरलं तरी निम्म्याखालचं पाणी आम्हाला मिळायचं नाही. ते आगीचं. त्याचा नळ तळाशी, तिथून पाइप सरळ खाली. आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी उन्हाळ्यात कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. खाली बायका टँकरभोवती घागरींनी एकमेकींची डोकी फोडायच्या आणि वर अर्धी टाकी पाणी आभाळाकडे बघत पडलेलं. लोक मालकांना शिव्या घालायचे. मालक म्हणायचे, "तुमचं पाणी वरचं. हे पाणी तुमचं न्हाई, तुमच्या जिवाचं हाय."

फक्त वर्षातून एकदा, टाकी धुताना, ते तळाचं पाणी काढावं लागायचं. ते गटारात सोडायचं मालकांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी तळाच्या नळाला एक फाटा काढून घराच्या पाइपाला जोडला. धुण्याच्या दिवशी फाट्याचा वॉल उघडायचा, सगळ्या भाडेकरूंनी भांडी भरून घ्यायची, मग टाकी धुवायची. बाकी वर्षभर वॉलला साखळी आणि कुलूप.

त्या वर्षी मालकांचे भाऊ आजारी पडले आणि उन्हाळा लागायच्या तोंडावर मालक हसनाबादला गेले. जाताना कुलपाची चावी मला दिली. "गुरुजी, तुमच्यावर भरवसा हाय. बाकीचे लोक चांगले हायत, पण तहानलेले हायत." मी हसलो होतो. मीही तहानलेलाच होतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

धाकटी तेव्हा नुकतीच झाली होती. बायको बाळंतीण, घरी सासूबाई आलेल्या. एक दिवस नळ कोरडा पडला. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे बघून बोलल्या, "लेकराचे लंगोट धुवायला पाणी न्हाई. वर टाकी हाय म्हणं." बायको म्हणाली, "आई, ते आगीचं हाय." सासूबाई म्हणाल्या, "हं. अन हे काय लागलंय मंग इथं?"

मी वर गेलो आणि वॉल उघडला. थोडाच. आमच्या घरापुरता उघडता येत नाही, पाइप सगळ्यांचा एकच. खाली चारही मजल्यांवर नळांतून आवाज आला आणि बायका भांडी घेऊन धावल्या. मी खाली येईपर्यंत इमारतीत सण सुरू झाला होता. काकूंनी विचारलं, "गुरुजी, पाणी कुठून येऊन राह्यलं हो?" मी म्हणालो, "आलं असंल नगरपालिकेचं." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नगरपालिकेचं पाणी आलं की गल्लीत गलका होतो, मोटार चालू करावी लागते. तसलं काही झालं नव्हतं. "असंल बाई," काकू म्हणाल्या आणि हंडा लावला.

ठरवलं होतं की पुढचं पाणी आलं की वॉल बंद करायचा. पुढचं पाणी आलं, मोटारीनं वर चढलं. आणि तेव्हा शास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला. टाकी तळापासून भरते. आधी आगीचा अर्धा भाग भरणार, मग आमचा. पाणी आलं होतं तेही जेमतेम. वॉल बंद केला असता तर घरोघरी नळ कोरडे पडले असते, आणि पाणी आलेलं तर सगळ्यांनी पाहिलेलं. मग लोक वर आले असते, मग विचारलं असतं, मग सगळं कळलं असतं. म्हणून मी वॉल उघडाच ठेवला. दर वेळी पुढच्या पाण्याची वाट बघत. मी टाकीचं झाकण काढून बघणंही सोडून दिलं.

आग भर दुपारी लागली. लगीनसराई, दुकानात गर्दी होऊन ओसरलेली. दुकानदारानं कुलरसाठी ओढलेली वायर कापडाच्या गठ्ठ्यांमागे तापली. मी शाळेला सुट्टी म्हणून घरीच होतो. रुळावर टोले पडले, पण सरावासारखे मोजून नव्हते, कुणी तरी वेड्यासारखं बडवत होतं. पुढच्या जिन्याच्या दाराला बायकोनं हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाली, "मागून." सगळी इमारत मागून उतरली. टायपिंगच्या मुली, दवाखान्यातले पेशंट, काकूंना दोघांनी खुर्चीत बसवून आणलं. पुढच्या जिन्यात खरा धूर उभा होता आणि प्रत्येक मजल्यावरची दारं आपली आपण लागलेली होती. वरच्या एकाही माणसाला साधा ठसका लागला नाही.

मी मात्र उतरलो नाही. बायकोच्या कडेवर बाळ देऊन म्हणालो, "मी वर टाकीशी जाऊन पाणी पूर्ण सोडतो." तिनं मान हलवली. खालून लोकांनीही मला मागच्या जिन्यानं वर पळताना पाहिलं. नंतर कितीतरी दिवस लोक सांगायचे, गुरुजी जिवाची पर्वा न करता पाणी सोडायला वर गेल्ते.

मी वॉल बंद करायला गेलो होतो. वॉल बंद केला, साखळी गुंडाळली, कुलूप लावलं. तिथून खाली बघितलं तर रफीकभाई पाइप खांद्यावर घेऊन दुकानात शिरत होते.

"पानी छोडो!" ते ओरडले. खाली कुणी तरी वॉल उघडला. पाइप हलला, फुरफुर हवा आली, दोन थेंब आले. रफीकभाई आत तसेच उभे राहिले, पाणी येईल म्हणून. त्यांची सरावातली सवय, उभं राहायची. मग त्यांनी पाइप टाकला आणि लोकांचे शिवायला आलेले शालू, कोट, पेटलेले गठ्ठे हातांनी ओढायला लागले. त्यांना बाहेर ओढून काढलं तेव्हा हात कोपरापर्यंत भाजलेले होते. बंब आला, तोही उन्हाळ्याचा बंब, अर्धा भरलेला. रफीकभाई वाचले. बोटं परत मिटली नाहीत. नंतर ते मुलीकडे जाफराबादला राहायला गेले.

मालक दुसऱ्या दिवशी आले. जळालेलं दुकान बघितलं, सरळ गच्चीवर गेले. झाकण काढलं. टाकी कोरडी. वॉल बंद, कुलूप जागेवर. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि मला म्हणाले, "गुरुजी, टाकी गळून राह्यली."

मी म्हणालो, "असंल."

हा एकच शब्द. याच्या पुढचं सगळं त्या शब्दानं केलं.

माणसं विचित्र असतात. दोन जिने होते म्हणून जीव वाचले, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पाइपातून हवा आली हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पुढच्या अमावस्येला टोले पडले तर निम्मेच लोक उतरले. त्याच्या पुढच्या अमावस्येला चौघे. "आधी टाकी नीट करा म्हणावं," लोक जिन्यात बोलायचे, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं. जिन्यात सायकली आल्या, पोती आली. मालक उचलायला वाकायचे आणि मग तसेच सोडून द्यायचे. ज्याची टाकी गळकी त्यानं कुणाला काय सांगावं, असं त्यांना वाटत असावं.

आणि ते गळती शोधू लागले. टाकी भरायची, आतून खडूनं रेघ ओढायची, सकाळी बघायची. पाणी तेवढंच. मग म्हणायचे, गळती उन्हातच होत असंल, सिमेंट फाकत असंल. आतून गिलावा केला. पुन्हा उकरून दुसऱ्यांदा केला. जुन्या प्लंबरला घालवलं, नवा आणला. बाहेरून टाकीच्या भिंतीला कान लावून बसायचे. मला बोलवायचे, "गुरुजी, ऐका बरं, काई वाजतंय का?" मी कान लावायचो. आमचे दोघांचे चेहरे समोरासमोर असायचे, मधे टाकीचा कोपरा. "नाही मालक," मी म्हणायचो. तेवढं तरी खरं होतं.

काकूंनी एकदा मला जिन्यात थांबवलं. "गुरुजी, त्याला सांगा ना हो काई तरी. येडा व्हायला लागलाय." मी विचारलं, "काय सांगू?" काकू म्हणाल्या, "मला काय माहीत? मी आपली हंडा भरणारी बाई." आणि निघून गेल्या.

वर्षं गेली. मी स्वतःचं घर बांधून दुसरीकडे गेलो. मालकीणबाई गेल्यावर मालकही इमारत मुलावर सोपवून हसनाबादला परतले. मग एक दिवस शाळेत त्यांचा फोन आला. "गुरुजी, टाकी पाडून टाकायची ठरवली. पोरगा म्हणतो राहू द्या, पण गळक्या टाकीवर माणसानं भरवसा ठेवू न्हाई. पाडायच्या आधी एकदा तुमच्याशी बोलावं म्हटलं. तुम्ही शास्त्र शिकवता."

जालन्यात, पाण्याची चांगली टाकी, माझ्या एका शब्दापायी पाडणार होते. मी हसनाबादची गाडी धरली.

ते ओसरीवर बसले होते, दाराकडे तोंड करून. मी पाणी घेतलं नाही, बसलोही नाही.

"मालक, टाकी पाडू नका. गळत न्हाई ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"पाणी मी सोडलं होतं. तुम्ही इकडं आल्ते तेव्हा. चावी माझ्याकडं होती."

मग जे झालं त्याची मी मनाशी कधीच कल्पना केली नव्हती. त्यांचा चेहरा उजळला. आत वळून ओरडले, "अरे बाळू! जालन्याला फोन लाव. गवंड्याला म्हणावं येऊ नको. टाकी गळत नव्हती! माझं काम चांगलं हाय!" पुतण्या बाहेर आला, त्यालाही पुन्हा सांगितलं. मांडीवर हात मारला. मग मला बसवून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखादा इंजिनीयर विचारेल तसे. आधी उघडलं तेव्हा वरचा नळ कोरडा पडल्ता का? पाणी आल्यावर परत बंद का न्हाई केलं? मी टाकी तळापासून भरते ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"बराबर हाय. एकदा उघडलं की बंद करता येत न्हाई. हे मी धरलंच नव्हतं." थोडं थांबून म्हणाले, "फाटा मीच काढला. चार बादल्या वाया जाऊ नये म्हणून. तहानलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी ठेवलं अन चावी बी त्याच्याच हातात दिली. आगीची टाकी न्यारीच पाहिजे होती. काम चुकलं, गुरुजी. तुमचं न्हाई, कामच."

मी तिथं थांबू शकलो असतो. माफी मिळाली होती, तीही सिमेंट-पाइपाच्या भाषेत, जी मला झेपत होती. पण त्यांनीच पुढं विचारलं, "मंग मला वॉल बंद कसा दिसला?"

"आग लागल्यावर मी वर गेलो. बंद करायला."

"लोक म्हणत होते सोडायला गेल्ते."

"बंद करायला गेलो होतो. रफीकभाई आत शिरताना मी वरून बघितलं."

मालकांनी हात मांडीवरून उचलले आणि बाजूला ठेवले. "हे मात्र टाकीचं काम न्हाई," ते म्हणाले. त्यानंतर ते मला गुरुजी म्हणाले नाहीत. सरळ विचारलं, "रफीकला सांगितलं?"

"न्हाई."

"मंग हितं काय करून राह्यले? उठा. भोकरदनला जीप मिळंल, तिथून जाफराबाद. जल्दी निघा, उगं उद्यावर टाकताल."

जाफराबादला जावयाच्या दुकानात रफीकभाई गल्ल्यावर बसले होते. बटणं, लेस, दोऱ्याची रिळं. गिऱ्हाईक आपलं आपण रीळ काढून दाखवायचं, ते मानेनं हो म्हणायचे. मला बघून उठले. "अरे गुरुजी! तुम इधर कैसे?"

मी उभ्यानंच सांगितलं. चावी, वॉल, कुलूप, वरून बघितलं ते. काही गाळलं नाही. एक बाई लेस मापत होती, तिच्यादेखत सांगितलं, कारण ती जायची वाट बघितली असती तर मी बोललो नसतो.

रफीकभाई ऐकत होते. मग म्हणाले, "मालक को बोले?"

"तिथूनच आलो."

"क्या बोले वो?"

"टाकी गळत नव्हती, म्हणून खूश झाले."

ते हसले. खरंच हसले. "होंगेच खुश." मग हसू गेलं. "पानी आ रहा था तो हम सब समझे थे गुरुजी. मैं भी भरताच था, दुकान का मटका. पर मैं समझा, आधी टंकी तो बाकी होगीच. गुरुजी के पास चाबी है, आधी तो रखे होंगे." त्यांनी बाहेर बघितलं. "इसलिए अंदर खड़ा रहा इतनी देर."

त्यांनी पोराला हाक मारून चहा सांगितला. दोन कप आले. त्यांनी आपला कप दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलला आणि प्यायला सुरुवात केली. माझा तसाच गल्ल्यावर निवत राहिला. त्यांनी अर्धा चहा संपवला तरी माझा हात पुढं जाईना.

"पियो," रफीकभाई म्हणाले. "बोर का पानी है. किसीका नहीं है."